तरुणपणीचे आक्षेपार्ह लेखन आणि आजची नेमणूक: किती मागे जावे?

चिकित्सक (धागालेखक):

१९ जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये रायन बाउंड्स यांच्या नेमणुकीवर मतदान व्हायचे होते. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांचे नाव नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडील राज्यांसाठी असलेल्या, संघीय अपील न्यायालयासाठी सुचवले होते. मतदानाला अगदी थोडा वेळ उरला असताना ते नाव मागे घेण्यात आले. नव्वदच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना बाउंड्स यांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात जे लेख लिहिले होते, त्यांत वांशिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या संघटनांची टर उडवलेली होती. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य टिम स्कॉट यांनी आपला पाठिंबा मिळणार नाही असे कळवले, आणि बहुमत इतके काठावरचे होते की तेवढ्याने सगळे गणित फिसकटले.

पुढे आठ महिन्यांच्या आतच निओमी राव यांची वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयावरील नेमणूक मात्र ५३ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर झाली. येल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी लिहिले होते की, दारू पिऊन भान हरपणाऱ्या स्त्रीने तो आपलाच निर्णय होता हे मान्य केले पाहिजे. सुनावणीत त्यांनी ती भाषा आज वाचवत नाही असे सांगितले आणि नंतर सिनेटच्या न्यायविषयक समितीला पत्र लिहून खेद व्यक्त केला.

दोघांचेही लेखन विद्यार्थिदशेतले असल्याने एकाला दार बंद आणि दुसऱ्याला उघडे, याचा खुलासा वयाने होत नाही. माझे मत असे आहे की जुने वाक्य हा निकाल नसून तो एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मधल्या वर्षांत शोधावे लागते. न्यायाधीश हॅरल्ड कार्सवेल यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९४८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, जॉर्जियातील निवडणूक प्रचारात त्यांनी गोऱ्यांच्या वर्चस्वावर आपली अढळ श्रद्धा असल्याचे जाहीर केले होते. १९७० मध्ये निक्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयासाठी निवडल्यावर ते भाषण एका पत्रकाराच्या हाती लागले, आणि कार्सवेल यांनी त्याचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. प्रकरण तिथेच मिटू शकले असते. परंतु १९५६ मध्ये फ्लोरिडातील टॅलाहासीचे सार्वजनिक गोल्फ मैदान एका खासगी क्लबच्या ताब्यात गेले, त्या व्यवहारात त्यांचे नाव निघाले. ते मैदान कृष्णवर्णीयांना खुले करावे लागू नये हाच त्यामागचा हेतू होता, असा आरोप होता. शिवाय त्यांच्या न्यायालयात नागरी हक्कांचे खटले चालवणाऱ्या वकिलांनी तिथे मिळणाऱ्या तुसड्या वागणुकीबद्दल समितीपुढे साक्षी दिल्या. सिनेटने ५१ विरुद्ध ४५ मतांनी त्यांना नाकारले. भाषणाने बोट दाखवले, पण तोलली गेली ती पुढची बावीस वर्षे.

परखड:

आपली मांडणी नेमणूक होणाऱ्याच्या बाजूने विचार करते. मला त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची काळजी आहे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण त्याचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. न्यायाधीशपद किंवा मंत्रिपद हा कोणाचा हक्क नाही, त्यामुळे ते न मिळणे ही शिक्षाही नाही. तितकीच योग्यता असलेली, पण असे काही न लिहिलेली माणसे उपलब्ध असताना संशयाचा फायदा लोकांनाच मिळाला पाहिजे.

‘तरुणपण’ हा शब्दही आपण फार सैल वापरतो. विशीत लिहिलेला लेख म्हणजे रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द नव्हे. आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर एका वर्गमित्राच्या बोलण्याच्या लकबीची नक्कल करणारा मजकूर लागला होता. लिहिणारा आठवड्याभरात ते विसरला असेल, पण तो वर्गमित्र वर्षअखेरीपर्यंत वर्गात हात वर करून एकही प्रश्न विचारू शकला नाही. उद्या तोच लेखक न्यायासनावर बसला, तर ‘त्याला आता खेद वाटतो’ एवढ्यावर या माणसाने विश्वास ठेवावा का?

सावधान:

मला नेमकी उलट भीती वाटते. या पद्धतीत सापडतो तो फक्त लिहिणारा. सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली उमेदवाराकडून त्याचे आजवरचे सर्व प्रसिद्ध लेखन मागते, अगदी संपादकाला लिहिलेली पत्रेसुद्धा. ज्याने तीच मते बंद दाराआड, चारचौघांत हसत मांडली, त्याचा रकाना कोराच राहतो. अशाने महत्त्वाकांक्षी विद्यार्थी विसाव्या वर्षापासूनच काहीही ठाम न लिहिण्याची सवय लावून घेतील, आणि ज्यांची मते कोणालाच ठाऊक नाहीत अशी माणसे मोठ्या पदांवर जातील. सभ्यतेपेक्षा मला ती लपवाछपवी अधिक दिसते.

चिकित्सक:

सावधान यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यावरचा उपाय उघडपणा हाच आहे. बाउंड्स यांच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप माझ्या मते त्या लेखांचा नव्हताच. ऑरेगनमध्ये उमेदवारांची छाननी करणाऱ्या समितीला त्यांनी या लेखनाची कल्पना दिली नाही, अशी त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांची तक्रार होती. ते न सांगणे विद्यार्थिदशेतले नव्हते.

परखड यांच्यासाठी ह्यूगो ब्लॅक यांचे उदाहरण देतो. १९२० च्या दशकात ते कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसाचार करणाऱ्या गुप्त संघटनेचे सदस्य होते, आणि तेव्हा त्यांनी पस्तिशीही ओलांडलेली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९४० मध्ये, पोलिसांनी दबावाने मिळवलेल्या कबुलीजबाबांवर मृत्युदंड झालेल्या कृष्णवर्णीय आरोपींची शिक्षा रद्द करणारा चेंबर्स खटल्याचा निकाल त्यांनीच लिहिला. १९५४ मध्ये शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या एकमताच्या निकालातही ते होते. आपला नियम लावला असता, तर हा न्यायाधीश मिळालाच नसता.

परखड:

हे सगळे आपण मागे वळून पाहत आहात म्हणून दिसते. ऑगस्ट १९३७ मध्ये सिनेटने त्यांना मंजुरी दिली, सदस्यत्वाचे पुरावे वृत्तपत्रांत त्यानंतर आले, आणि १ ऑक्टोबरला रेडिओवरून बोलताना त्यांनी सदस्यत्व मान्य केले तरी क्षमा मागितली नाही. त्या महिन्यात त्यांच्या न्यायालयात दाद मागणाऱ्या कृष्णवर्णीय पक्षकाराला १९४० किंवा १९५४ दिसत नव्हते. मधल्या वर्षांकडे पाहा, असे आपण म्हणता. तर १९३७ पर्यंत जेवढे माहीत होते तेवढ्यावरच सांगा, आपण मत दिले असते का?

चिकित्सक:

नसते दिले. मतदानाआधी या सदस्यत्वाची उघड कबुली न देणाऱ्या उमेदवाराला माझ्याच कसोटीनुसार मी नाकारले असते, आणि मग चेंबर्सचा निकाल दुसऱ्या कोणालातरी लिहावा लागला असता. तो तसाच लिहिला गेला असता, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.