मुखपत्र म्हणून 'कृषीवल' मोडीत काढायचं?

खाडीवरचा
काल इथे एका विद्वानाने लिहिलं, 'शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) इतिहास अलिबागच्या "कृषीवल" या पेपरावरून लिहिणं म्हणजे जाहीरनाम्यावरून पक्षाची परीक्षा घेणं. मुखपत्राला कसली विश्वासार्हता!' त्यावर टाळ्याही पडल्या. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी साल बघा. नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' काढलं १९३७ मध्ये. शेकाप निघाला १९४७ मध्ये. दहा वर्षं आधीचं पत्र पक्षाचं मुखपत्र म्हणून जन्माला येईलच कसं? तेव्हा अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागूंच्याच पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचा संप चालू होता. १९३३ पासून कुळांनी खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांची, जमीन कसणं बंद केलं होतं, ते १९३९ पर्यंत. सहा वर्षं! त्याच १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती मोडायचं विधेयक मांडलं. संपातल्या माणसाने संपाबद्दल लिहिलं की पक्षपाती, आणि खोताच्या पंगतीतल्या माणसाने लिहिलं की निःपक्ष, हा न्याय कुठला?

मूळचा_पेणचा
तो विद्वान मीच. जन्माचं राहू द्या, पुढचं बोला. नारायण नागूंनंतर प्रभाकर पाटील, तेही पक्षाचेच पुढारी. पक्ष आणि पत्र एकाच घरात. असं पत्र स्वतःच्या पक्षाला प्रश्न कधी विचारणार? कुठल्याही पक्षाचं पत्र घ्या, हरले की 'मतविभागणी', जिंकले की 'जनतेचा कौल'.

कुळाची_नात
माझा आजा सहीपुरता शिकलेला. संध्याकाळी खळ्यात शाळकरी पोराला बसवून पेपर वाचून घ्यायचा, आणि पोरगं अडखळलं की 'परत वाच' म्हणायचा. कुळकायद्याचा अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा, पावती का जपायची, हे त्याला तिथे कळलं. आज सातबाऱ्यावर आमचं नाव आहे. तुमच्या निःपक्ष पेपरांत हे येत होतं?

मूळचा_पेणचा
एका आज्यावरून इतिहास होत नाही, ताई.

कुळाची_नात
खोताच्या दप्तरावरून होतो ना? मग आज्याने काय घोडं मारलंय?

पनवेल_प्रकल्पग्रस्त
संपाचं कौतुक पुरे. दि. बां.चं, म्हणजे शेकापच्या दि. बा. पाटलांचं, काय ते सांगा. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या त्याविरुद्धच्या त्यांच्या आंदोलनात १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात आमची पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत पदरात पडली. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार झालेला माणूस १९९९ ला शिवसेनेत जातो, तेव्हा पक्षाने आरशात बघायला नको? नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून २०२१ ला आम्ही साखळी करून उभे होतो. तेव्हा हे इतिहासवाले कुठल्या वाचनालयात होते?

खाडीवरचा
दादा, विषय वर्तमानपत्राचा आहे.

पनवेल_प्रकल्पग्रस्त
आमचं काही निघालं की विषयांतर! अलिबागवाल्यांना पनवेल नेहमीच विषयांतर वाटलंय.

लाल_बावटा_जुना
तोंड सांभाळून. दि. बां.बरोबर उन्हात घोषणा दिलेली माणसं अलिबागेतही आहेत. ते शिवसेनेत गेले त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही. पण पक्ष त्यांनी सोडला, पक्षाने त्यांना नाही.

पनवेल_प्रकल्पग्रस्त
सोडला की सोडायला लावला?

मूळचा_पेणचा
बघा! नेमकं हेच कळायला पक्षाचं पत्र उपयोगी पडत नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय, आभारी आहे.

खाडीवरचा
एकट्या पत्रावर विसंबून कोण लिहायला सांगतंय? खोतांची कागदपत्रं घ्या, सरकारी अहवाल घ्या, शेजारी 'कृषीवल'ही ठेवा. तुम्ही तर ते टेबलावरूनच उचलायला निघालात.

मूळचा_पेणचा
बरं बाबा. चरीपुरतं साक्षीदार म्हणून घेतो. ४७ नंतरचं उलटतपासणीशिवाय घेणार नाही. ताईंच्या आज्यालाही साक्षीला बोलवा, खूश? आणि दि. बां.वर वेगळा धागा काढा कुणीतरी.

पनवेल_प्रकल्पग्रस्त
कधीच काढलाय. तिथे या, पळू नका.