मदत हवी: तळ्यात गाळच गाळ, किती खोल उकरावं?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईकडं आमचं शेत आहे, त्यात आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उकरलेलं २० गुंठ्याचं तळं. वडील रोहू-कटला सोडायचे तेव्हा पुरुषभर पाणी असायचं, आता म्हैस बसली तरी पाठ कोरडी राहते. ओढ्याचं पाणी येतं अन् सोबत वरच्या शिवाराची सगळी माती घेऊन येतं. मागल्या साली हजार बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडली, एप्रिलात पहाटे पहाटे कटला वर तोंड काढून गपगप करायले, दोन दिवसात काठाला नुसती पांढरी पोटं. लई वाईट वाटलं.

सध्या मधी डबकंच उरलंय. पहार खुपसून बघितली, तीन फूट लोण्यात गेल्यासारखी गेली मग टणक लागलं. म्हणजे साडेसहाशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गाळ! गाळ न्यायला गावातले माळरानवाले तयार हैत, आपल्या ट्रॅक्टरनं नेतो म्हणायलेत, पण पोकलेन माझ्याच अंगावर. चुलते म्हणतेत पैसा लागायलाच तर मुरूम लागेपर्यंत घे एकदाच, शेजारी म्हणतो मुरूम उघडा पडला की तळं गळतं. कोणाचं ऐकू? मृगाच्या आत उरकायचंय.

उत्तर: शेजाऱ्याचं ऐका दादा. गाळाखालची चिकण काळी माती हेच तुमच्या तळ्याचं प्लास्टिक. आमच्या ऑपरेटरनं एका कोपऱ्यात जोशात मुरमात बकेट घातली, दिवाळीला तळं ठणठणीत. आधी मजुराकडून चार ठिकाणी खड्डे घ्या, किती चिकण थर हाय ते बघा अन् मशीनजवळ स्वतः उभं राहा, चहाला सुद्धा जाऊ नका. पाच-सहा फूट पाणी टिकलं तरी रोहू-कटल्याला बास. हजार बोटुकली काय जास्त नव्हती, उथळ पाणी तापलं अन् पहाटे ऑक्सिजन संपला. तळ उन्हात भेगा पडेस्तोवर वाळू द्या, मग ४०-५० किलो चुना फेका. अन् ओढा आत शिरतो तिथं आधी एक मोठा खड्डा घ्या, जाड माती तिथंच बसंल, नाहीतर पाच वर्षांनी परत हाच धागा काढाल.

मी: हाहा, बरोबर. उद्याच खड्डे घेतो. अजून एक, काठावर बेशरमाची झुडपी माजलीय ती मुळासकट काढू का, का तीच बांध धरून हाय?