येत्या वर्षी खानदेशात कोणते गाणे चालेल आणि कोणता गायक पुढे येईल, याचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न: शिरपूरकर

नमस्कार मंडळी. शिरपूरला माझा छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. आजवर निवडणुकीच्या प्रचाराची आणि इतरांची अहिराणी गाणी मुद्रित करून देण्याचे काम केले. २०२६ पासून मात्र स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर गाणी काढायचे ठरवले आहे. भांडवल घालणारे आमचे आप्पा कापसाच्या व्यापारातले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पुढच्या वर्षी कोणत्या प्रकारचे गाणे चालेल आणि नव्यांपैकी कोण नाव काढील एवढे आधी ठरवा, मग पैशाचे बोलू.

विनोद कुमावत यांचे ‘हाई झुमकावाली पोर’ रीलमधून खानदेशाबाहेर, अहिराणीचा शब्दही न कळणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचले, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या गीतात झुमका, नथ नाहीतर पैंजण असते. आप्पांचा ओढाही तिकडेच आहे. मला ते पटत नाही, पण त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काही आधार नाही. नामांकित गायक घेतला तर वर्षाचे सगळे भांडवल एकदोन गाण्यांतच संपेल. नवे गळे घेतले तर त्यांतला कोणता चालेल हे आधी कसे ओळखायचे? इन्स्टाग्रामवर एखाद्या गाण्यावर किती रील झाले ते मी रोज पाहतो, यूट्यूबचे व्ह्यूज पाहतो. परंतु व्ह्यूज विकत मिळतात हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अंदाज बांधण्याची भरवशाची रीत असेल तर जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: तापीकाठ (जळगाव)

शिरपूरकर भाऊ, गाणी ऑनलाइन वितरित करण्याचे काम करत असल्यामुळे हे आकडे रोज माझ्या पाहण्यात येतात. अमुक एक गाणे चालणारच असे छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या भरवशावर पैसे लावू नका, हे पहिल्यांदा सांगतो, आणि त्याला आधारही देतो.

२००६ साली कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित बँडांची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांसमोर ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांची आठ गटांत विभागणी केली होती आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड केले, हा आकडा त्यांना गाण्याशेजारी दिसत होता. गाणी तीच, ऐकणारेही सारख्याच धर्तीचे, तरीही वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली, कारण सुरुवातीला योगायोगाने पुढे गेलेले गाणे आकड्याच्या जोरावर आणखी पुढे जात राहिले. उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही आणि अगदी सुमार गाणे सहसा शिखरावर पोहोचले नाही. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही घडू शकत होते. आपली बहुतेक गाणी त्याच पट्ट्यातली असतात आणि यूट्यूबवर तर आकडा गाण्याच्या खालीच लिहिलेला असतो. एकाच गाण्यावर सगळे भांडवल लावणे म्हणजे सट्टा आहे, हे आप्पांना कापसाच्या बाजारावरून समजावून सांगता येईल.

झुमक्यावरून दुसरा झुमका का होत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. चाललेल्या गाण्याची धर्ती उचलता येते, पण ते ज्या आठवड्यात ज्या लोकांच्या हाती पडले तो योग उचलता येत नाही. शिवाय तुमचे गाणे तयार होऊन बाहेर पडेपर्यंत त्याच धर्तीची आणखी पन्नास आलेली असतात.

गायकाच्या बाबतीत मात्र काही गोष्टी हातात असतात. आपल्या जळगाव जिल्ह्यातले संजू राठोड पाहा. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘गुलाबी साडी’ आले तेव्हा उरलेल्या देशाला ते एका रात्रीत उगवल्यासारखे वाटले. परंतु त्यांचे गणपतीचे आणि नऊवारीचे गाणे महाराष्ट्रात आधीपासून वाजत होते, आणि २०२५ मध्ये ‘शेकी’नेही तीच वाट धरली. ज्याने आधीची दोन गाणी नीट ऐकली होती त्याला तिसरे कोणते हे सांगता आले नसते, पण हा माणूस पुन्हा पुन्हा ऐकला जाणार एवढे नक्कीच सांगता आले असते. एका गाण्यामुळे आलेला श्रोता त्या गायकाच्या जुन्या गाण्यांकडे वळतो का, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ते पाहता येते. ज्या नव्या गायकाशी बोलणी कराल त्याला समोर बसून मोबाइलवर यूट्यूब स्टुडिओ (चॅनेलच्या मालकाला त्याचे आकडे दाखवणारे ॲप) उघडायला सांगा. एकूण व्ह्यूज बाजूला ठेवा आणि लोक सरासरी किती वेळ ऐकतात, परत येणारे किती, नाव शोधून आलेले किती आणि ते कोणत्या भागातले, एवढे पाहा. चार मिनिटांचे गाणे सरासरी अर्धे मिनिट ऐकले जात असेल आणि ऐकणारे अहिराणीशी काडीचा संबंध नसलेल्या एखाद्या परक्या देशातले असतील, तर व्ह्यूज कोठून आले हे वेगळे सांगायला नको. याउलट काही हजारच श्रोते असले, पण ते धुळे, चाळीसगाव, भुसावळ, सुरत, कल्याण असे पसरलेले असले आणि शेवटपर्यंत ऐकत असले, तर तो गळा घ्यावा. रीलच्या संख्येचा अर्थही जपून लावा: गाण्याचे पंधरा सेकंद लोकांना आवडले एवढेच ती सांगते. इन्स्टाग्रामवरून लोक उठून पूर्ण गाणे ऐकायला यूट्यूबवर येतात का, हा खरा पुरावा.

एकाच व्यासपीठाच्या जोरावर अंदाज बांधू नका, हेही ओघाने सांगतो. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा कितीतरी कलाकारांचा सगळा श्रोतृवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. यूट्यूबने २०२५ मध्ये, सध्या काय गाजते आहे ते दाखवणारे ट्रेंडिंगचे पानही बंद केले.

राहिला प्रश्न नव्यांपैकी कोण पुढे येईल हे सांगणाऱ्या याद्यांचा. इंग्लंडात बीबीसी २००३ पासून दर वर्षी नव्या आवाजांची यादी काढते. २००८ मध्ये तिथे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ॲडेल या गायिकेचे नाव पहिले होते. अशा याद्या खऱ्या ठरतात त्यात निवडणाऱ्यांच्या पारखीचा वाटा असतोच, पण नाव यादीत आले की रेडिओ आणि वृत्तपत्रे त्याच्या मागे उभी राहतात, हाही भाग असतो. आपल्याकडे ते काम डीजेवाले आणि बँडवाले करतात. त्यांच्यापैकी कोणी इथे असतील तर त्यांनी अवश्य लिहावे.

उत्तर: बँडमास्तर (अमळनेर)

शिरपूरकर दादा, आकड्यांचे तापीकाठ भाऊंनी सांगितले; मी म्हणेन, आधी पंचांग उघडा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात आपल्याकडे लग्ने लागत नाहीत. खानदेशातल्या उन्हाळी लग्नांचा सगळा भर त्यामुळे एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन पडेल. आखाजीही (अक्षय्य तृतीया) १९ एप्रिललाच आहे. गाणे मोबाइलवरून आमच्या वादकांच्या हातात उतरायला आणि मग गावोगाव फर्माईश सुरू व्हायला दीड-दोन महिने सहज जातात. तेव्हा हळदीचे किंवा वरातीचे गाणे फेब्रुवारी संपण्याच्या आत बाहेर पडले नाही, तर ते कितीही चांगले असले तरी त्याचा हंगाम हुकला असे समजा.

त्याच अधिक महिन्यात घरोघरी धोंड्याचे जेवण असते, जावयाला वाण दिले जाते. यापूर्वीचा अधिक महिना २०२३ मध्ये होता, म्हणजे हा प्रसंग तीन वर्षांनी येतो आणि त्यावर फारसे कोणी गाणे करत नाही. सासू, जावई आणि धोंडे या विषयावरचे चांगले अहिराणी गाणे मेच्या सुरुवातीला आले, तर महिनाभर त्याला दुसरा प्रतिस्पर्धी नसेल असा माझा अंदाज आहे. अधिक महिन्यामुळे पुढचे सणही सरकतात: खानदेशातला कानबाई मातेचा उत्सव ऑगस्टच्या उत्तरार्धात येईल, गणपती १४ सप्टेंबरला बसतील. कोण गाणार हे मला सांगता येणार नाही, पण लोक कधी आणि कशासाठी गाणे मागणार हे वर्षभर आधी सांगता येते, आणि धंद्याला तेवढे पुष्कळ आहे.

आता फर्माईशीबद्दल. वरातीत फर्माईश करणारा पोरगा मोबाइल पुढे करून गाणे दाखवतो, तेव्हा ते गाणे नवे असते आणि पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरे येऊ शकते. पण तोच पोरगा, नाहीतर त्याची काकू, गर्दीतून वाट काढत ट्रम्पेटवाल्याच्या कानाशी येऊन दोन ओळी गुणगुणून दाखवते आणि गाण्याचे नाव तिला आठवत नसते, तेव्हा मी ते गाणे त्या रात्रीच वहीत टिपून घेतो. असे गाणे दोन-तीन हंगाम जाते.

स्टुडिओवाल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हल्ली पुष्कळ गाण्यांत सगळा जीव ठेक्यात आणि खालच्या धमाक्यात असतो, मुखड्याला चालच नसते. डीजेवर ते उठते, पण ट्रम्पेटवर घ्यायला गेलो की हातात काहीच येत नाही. तुमचा मुखडा शब्द काढून नुसत्या कॅसिओवर एका बोटाने वाजवून पाहा. ऐकणाऱ्याला तो ओळखता आला, तर ते गाणे बँडमध्येही जाईल आणि डीजेवरही.

उत्तर: सातपुडा पायथा (नंदुरबार)

मास्तर काका, तुमच्या पंचांगाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. तापीकाठ दादांच्या आकड्यांबद्दल मात्र थोडा मतभेद नोंदवते. मी शिक्षिका आहे आणि आमच्या भागात जे ऐकले जाते त्यातले पुष्कळसे कोणत्याच आकड्यात येत नाही. डीजेच्या पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, बाजाराच्या दिवशी मेमरी कार्डात भरून गाणी फिरतात. नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा या पट्ट्यात टिमली आणि रोढाली या आदिवासी नाचगाण्यांचा ठेका लग्नाच्या मांडवापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे आहे, आणि सीमेपलीकडच्या गुजरातेतल्या आदिवासी गावांशी आमचे ऐकणे एकच आहे. हे सगळे जळगावच्या पडद्यावर उशिरा दिसते.

माझा अंदाज विचाराल तर २०२६ मध्ये अहिराणी शब्द आणि टिमलीचा ठेका यांचा मेळ घालणारी गाणी वाढतील. याचे कारण केवळ आवड नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले दोन्ही प्रकारचे संगीत ऐकत वाढली आहेत आणि तीच मुले सुट्टीत गावी आली की डीजेवाल्याला गाणी देतात. फक्त हा ठेका घेताना ज्या आदिवासी वादकांकडून तो घेतला त्यांना मुद्रणाला बोलवा, मानधन द्या आणि त्यांचे नाव व्हिडिओवर लिहा. पावरी (आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य) वाजवणारा माणूस अक्राणी-अक्कलकुव्याच्या गावात प्रत्यक्ष भेटतो. त्याच्या वादनाच्या जागी संगणकातला तयार तुकडा लावला तर आमच्याकडची पोरे ते पहिल्या ओळीतच ओळखतात.

आणखी एक निरीक्षण. दर वर्षी डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी वर्गावर्गांतून गाण्यांच्या चिठ्ठ्या येतात. त्यांत मुलांच्या चिठ्ठ्या बहुधा त्या महिन्यात गाजत असलेल्या गाण्याच्या असतात. आठवी-नववीच्या मुली मात्र हावभाव करता येतील, कथा असेल, बाईच्या बाजूने काही बोलले असेल अशी गाणी निवडतात, आणि ती पुढे लग्नसराईत हमखास वाजलेली मी पाहिली आहेत. अहिराणी गाण्यांत मुलगी नेहमी कोणीतरी वर्णन करण्याची वस्तू असते. स्वतः बोलणारी, भांडणारी, थट्टा करणारी मुलगी गाणारा ताकदीचा स्त्री आवाज आज मोजकाच आहे. कानबाईच्या रात्री रोटांच्या (कानबाईच्या प्रसादाच्या) पंगती उठल्यावर बायका कशा गातात ते एकदा ऐका. पुढचे मोठे नाव एखाद्या गायिकेचे असावे असे मला मनापासून वाटते, आणि श्रोते तयार आहेत म्हणून ते शक्यही वाटते.

शिरपूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आप्पांना तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. पंचांगाचा मुद्दा त्यांना तत्काळ पटला. नामांकित गायकाचा विचार सोडून तेच भांडवल लहान लहान गाण्यांत वाटायचे ठरले आहे. हळदीचे गाणे फेब्रुवारीत काढू, धोंड्याचे मेच्या आरंभी, आणि कानबाईचे गाणे एका नव्या गायिकेकडून गाऊन घेऊ. तिचे आधीचे एकच गाणे आहे, पण ऐकणारे शेवटपर्यंत ऐकतात, हे तिच्याच मोबाइलवर पाहिले. आप्पा म्हणतात की, उद्या ती मोठी झाली तर आपल्याला सोडून जाईल, तेव्हा आत्ताच गीतकार-संगीतकारांसह सगळे हक्क कायमचे लिहून घ्या. हे कितपत योग्य आहे?

उत्तर: तापीकाठ (जळगाव)

भाऊ, ध्वनिमुद्रणाचे हक्क तुमच्या नावावर ठेवा, कारण खर्च तुमचा आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येत नाही, त्यामुळे तसा कागद केला तरी तो टिकणार नाही. दोघांनाही आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासद व्हायला सांगा. गायिकेला मानधनाखेरीज उत्पन्नातला ठरावीक टक्का द्या आणि पुढच्या दोन गाण्यांपुरताच करार करा. चांगली वागणूक मिळाली तर तिसऱ्याला ती आपण होऊन येईल. टिमलीच्या प्रयोगाबाबत सातपुडा ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पेनड्राइव्हवरचे ऐकणे माझ्या आकड्यांत येत नाही. म्हणून प्रत्येक गाणे बाहेर काढण्याच्या आठवडाभर आधी नंदुरबार, शहादा, दोंडाईचा इथल्या डीजेवाल्यांना स्वतः नेऊन द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडेही गाणे किमान सात दिवस आधी पाठवावे लागते, तेव्हा दोन्ही कामे एकाच आठवड्यात होतील. हळदीचा मुखडा तयार झाला की इथे टाका, मास्तर काका कॅसिओवर वाजवून सांगतील.