कोहलर काढून क्लोन बसवणं: "एका शनिवारचं काम" म्हणे!

जुनं लोखंड (ओहायो)
परवा 'शनिवार मेकॅनिक' यांनी लिहिलं: "जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या कोहलर इंजिनावर पैसे उधळू नका. भंगारात द्या, ४२० सीसीचा चिनी होंडा-क्लोन (होंडा इंजिनाची नक्कल) बसवा. एका शनिवारचं काम." वर पन्नास जणांची वाहवा. त्यावर हे लांबण.

माझ्याकडे १९६६ चा कब कॅडेट १२२ आहे, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या काळातला. त्यात बेल्ट नाही हो! फ्लायव्हील सीटकडे, त्याला क्लच, तिथून शाफ्ट सरळ गिअरबॉक्सात. पुढच्या टोकाला पीटीओ, म्हणजे गवत कापायच्या डेकला ताकद देणारी जोडणी. क्रँकची दोन्ही टोकं कामाला. क्लोनला शाफ्ट एकच, आणि तो मागे तोंड करून बसवला की दिशा उलटी. शेजारच्या म्हाताऱ्याने नेमकं हेच केलं. पुढे जायला एक गिअर, मागे जायला तीन! वर पुढचा पीटीओ गेला तो गेलाच.

आणि यातलं कोहलर के-३०१ हे ४७६ सीसीचं बिडाचं इंजिन आहे. झिजलं तर ३० थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर वाढवा, नव्या रिंगा टाका, अजून एक पिढी चालतं. क्लोन झिजला की कचऱ्यात.

शनिवार मेकॅनिक
माझा ट्रॅक्टर व्हील हॉर्स आहे, काका. बेल्टचा. एक इंचाचा शाफ्ट, जुनी पुली जशीच्या तशी बसली. फ्रेमला चार भोकं पाडली, सायलेन्सर वळवला, संध्याकाळी पाचला गवत कापत होतो. मी कब कॅडेटचं नावही घेतलं नव्हतं. आणि कोहलरच्या बॅलन्स गिअरबद्दल, म्हणजे थरथर कमी करणाऱ्या गिअरबद्दल, गप्प का? तो तुटला की ब्लॉक फोडून बाहेर येतो.

जुनं लोखंड
"जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या" असं लिहिलंत, व्हील हॉर्सचं नाव कुठे होतं? बॅलन्स गिअर काढून टाकतात लोक. इंजिन जरा जास्त थरथरतं, बास.

कार्ब्युरेटरवाली (न्यू जर्सी)
दोघंही चुकताय. यातली निम्मी इंजिनं मेलेलीच नसतात. "इंजिन गेलं" म्हणून कोणी ८० डॉलरला विकायला काढलेलं मी उचललं. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाशी पाणी, त्यावर हिरवट बुळबुळीत थर, आणि पेट्रोलची नळी बोटांत धरली तर च्युइंगमसारखी. साफ केलं, नळी बदलली, ठिणगीचे पॉइंट २० थाऊवर लावले. तिसऱ्या झटक्यात सुरू. खरा गुन्हेगार पेट्रोलमधलं १० टक्के इथेनॉल. हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं.

सांगलीकर
ताई, इथेनॉलवर बोलायचं काम नाही. साखरेला उठाव नाही म्हणून आमची एफआरपी (उसाचा सरकारी किमान दर) थकली होती, ती इथेनॉलच्या पैशावर निघाली. तुमच्या अंगणातल्या खेळण्यापायी आमच्या उसावर घसरू नका.

कार्ब्युरेटरवाली
भाऊ, इथलं इथेनॉल मक्याचं आहे. तुमच्या उसाला मी हात लावलेला नाही.

सांगलीकर
मक्याचं असो नाहीतर उसाचं, शेतकऱ्याचंच ना?

सदाशिव पेठ
शेतकऱ्याबद्दल पूर्ण आदर राखून विचारतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा. मग त्यात २० टक्के ते मिसळल्यावर पंपावर भाव का उतरत नाही? माझ्या जुन्या स्कूटरचं अ‍ॅव्हरेज उतरलं ते उतरलंच.

सांगलीकर
ते पंपावर विचारा. बांधावर येऊन विचारू नका.

सदाशिव पेठ
पंपावर विचारलं. तो म्हणाला, "साहेब, वरून येतं तेच भरतो."

सांगलीकर
आमची मोटरसायकलही तेच पिते. आम्ही रडतो का?

सदाशिव पेठ
थंडीत किक मारताना काय बोलता ते इथे लिहा मग.

कार्ब्युरेटरवाली
भांडा खुशाल. पण हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. एवढं केलं असतं तर शनिवारवाल्यांचा शनिवार वाचला असता.

शनिवार मेकॅनिक
माझ्या कोहलरचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला मुठीएवढं भगदाड पडलं होतं, ताई. त्यावर टाकी रिकामी करण्याचा काय इलाज? उसाचं इथेनॉल आणि स्कूटरचं अ‍ॅव्हरेज झालं असेल तर ट्रॅक्टरवर येऊ या का?

सांगलीकर
जुन्या इंजिनाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. आजोबांनी विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन विकून मोटर बसवली. आता लाइट रात्री दोनला येते, आणि बॅटरी घेऊन दारं धरायला मी जातो. ते इंजिन असतं तर दिवसाढवळ्या पाणी पाजलं असतं. तेव्हा लोखंड काकांचं पटतंय, जरी ते ओहायोतून बोलत असले तरी.

जुनं लोखंड
आभारी आहे, 'जरी'सकट. आणि शनिवारराव, ब्लॉकलाच भगदाड असेल तर गोष्ट वेगळी. बेल्टवाल्यांना माफ. शाफ्टवाल्यांना शनिवार सांगू नका, एवढंच.

शनिवार मेकॅनिक
केवढं मोठं मन! एक विचारू? तुमचा १२२ चालू आहे ना?

जुनं लोखंड
ब्लॉक बोअरिंगला दिलाय.

शनिवार मेकॅनिक
कधी?

जुनं लोखंड
ऑक्टोबरात.

कार्ब्युरेटरवाली
जून लागला, काका! मग तुमचं गवत कापतंय कोण?

जुनं लोखंड
शेजारचा म्हातारा.

शनिवार मेकॅनिक
तोच? तीन रिव्हर्सवाला?

जुनं लोखंड
हो. मागे ओढायचा मोअर जोडून. पुढचा गिअर एकच असल्यामुळे वेळ लागतो.