'सोमा' : ती नाणेफेक झालीच नव्हती

निशाचर

(रहस्यभेद आहे. 'सोमा' खेळायचा असेल तर आधी शेवटापर्यंत खेळा, मग इकडे या.)

परवा रात्री 'सोमा' दुसऱ्यांदा संपवला. फ्रिक्शनल गेम्स या स्वीडिश कंपनीचा २०१५ सालचा गेम. पहिल्या वेळी त्यातल्या राक्षसांना घाबरलो होतो. या वेळी २०१७ मध्ये आलेल्या सेफ मोडवर खेळलो, म्हणजे राक्षस दिसतात पण जिवावर उठत नाहीत. तरीही पहाटेपर्यंत झोप लागली नाही. म्हणून हा धागा.

कथा थोडक्यात. टोरांटोचा सायमन जॅरेट, अपघातात मेंदूला मार बसलेला. उपचारांसाठी २०१५ मध्ये मेंदूचा स्कॅन करून घ्यायला खुर्चीत बसतो आणि डोळे उघडतो ते २१०४ मध्ये, अटलांटिकच्या तळाशी, पॅथॉस-टू नावाच्या केंद्रात. धूमकेतू आदळून वरचं जग संपलेलं आहे. आणि हा 'सायमन' म्हणजे तोच जुना स्कॅन, पाणबुड्याच्या पोशाखातल्या एका मृत बाईच्या देहात बसवलेला. सोबत कॅथरीन चुन. ही शास्त्रज्ञही मेलेली, तिचा स्कॅन सायमनच्या हातातल्या यंत्रात. दोघांना मिळून 'आर्क' अवकाशात सोडायचा आहे. आर्क म्हणजे माणसांच्या स्कॅनसाठी बनवलेलं आभासी जग.

आता ओमिक्रॉन या पॅथॉस-टूच्या ठाण्यावरचा प्रसंग. आणखी खोल उतरायचं तर दाब सोसणारा वेगळा पोशाख लागतो, म्हणून कॅथरीन सायमनला नव्या देहात 'पाठवते'. आपण नव्या देहात जागे होतो आणि बाजूच्या खुर्चीतून आपलाच आवाज ऐकू येतो. तो विचारतोय, झालं का, मी अजून इथेच कसा. कॅथरीन त्याला झोपवून टाकते. मग आपल्यापुढे निवड ठेवली जाते: त्याची बॅटरी उतरवायची, की त्याला तसंच सोडून निघायचं.

शेवटी आर्क सुटतो आणि आपला सायमन पुन्हा खुर्चीतच उरतो, तेव्हा कॅथरीन सांगते की आपण नाणेफेक हरलो. ओमिक्रॉनचा हरला, टोरांटोचा हरला, तसेच आपण. माझा आक्षेप याच शब्दाला आहे. नाणेफेकीत दोन्ही बाजू पडू शकतात. इथे खुर्चीत बसलेल्याला जिंकण्याची शक्यता कधी नव्हतीच. स्कॅन म्हणजे वाचन. पुस्तक वाचून दुसऱ्या वहीत उतरवलं म्हणून मूळ पुस्तक कपाटातून नाहीसं होत नाही. जो बसला तो तिथेच राहणार, दर वेळी. कॅथरीनला हे पक्कं ठाऊक होतं. त्याला चालता ठेवण्यासाठी तिने त्याचा गैरसमज तसाच राहू दिला.

मंदार

असहमत, आणि ठामपणे.

तुम्ही 'जो बसला तो' म्हणता तेव्हा उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. स्कॅननंतर दोन जण आहेत. दोघांनाही खुर्चीत बसल्याचं आठवतं, दोघांनाही टोरांटोचं घर आठवतं, दोघांनाही अपघातात गेलेल्या मैत्रिणीचं दुःख तेवढंच आहे. मग आधीचा सायमन यातला कोणता? तुम्ही म्हणाल, ज्याचा देह तोच तो. पण तो देह सायमनचा होताच कुठे? मेलेल्या बाईचा होता. तिथवर तर तुम्ही त्याला बिनतक्रार सायमन म्हणत आलात!

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्येच लिहून ठेवलंय की राजपुत्राच्या आठवणी चांभाराच्या देहात गेल्या, तर त्या देहातली व्यक्ती राजपुत्र. डेरेक पारफिट हा तत्त्वज्ञ १९८४ मध्ये आणखी पुढे गेला. त्याच्या गोष्टीत यंत्र तुमची नोंद घेऊन मंगळावर हुबेहूब प्रत तयार करतं आणि तुम्ही मात्र पृथ्वीवर उरता. यंत्राने तुमचं हृदय बिघडवलेलं असतं, काही दिवसांत तुम्ही जाणार. हा शब्दशः ओमिक्रॉनचा प्रसंग आहे. पारफिटचं म्हणणं, प्रत जगणार असेल तर हे जवळपास स्वतः जगण्याइतकंच चांगलं. 'तो मीच का' हा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा महत्त्वाचा नाहीच.

निशाचर

पृथ्वीवर हृदय बिघडून पडलेल्या त्या माणसाला हे पटेल का, मंदार? मंगळावरचा मजेत आहे हे ऐकून त्याची छाती दुखायची थांबेल?

मंदार

दुखणं थांबणार नाही, हे मान्य. भीती कमी होऊ शकते. पारफिटने स्वतःबद्दल लिहिलंय की आधी आयुष्य काचेच्या बोगद्यासारखं वाटायचं, पलीकडे अंधार. मत बदललं तशा बोगद्याच्या भिंती गेल्या, इतर माणसं जवळ आली. मला हे कोरडं तत्त्वज्ञान वाटत नाही. वडील गेले त्या वर्षी मी हे वाचलं होतं.

सई

हा विचार गेममध्ये एक माणूस खरोखर अमलात आणतो आणि त्याचं काय होतं ते बघा. मार्क सारंग. त्याचं म्हणणं, स्कॅन झाल्याबरोबर मूळ देह संपवला की जाणीव अखंड राहते, आपण थेट आर्कवर उठतो. तो जीव देतो आणि त्याच्यामागे इतरही देतात. भिंती गेल्या म्हणणं पुस्तकात ठीक आहे. तिथे माणसं मेली.

मंदार

सई, सारंगला पारफिटच्या खात्यात टाकू नका. उलट तो निशाचर यांच्याच बाजूचा. 'मी एकच असलो पाहिजे' हा हट्ट त्याचा. दोन झाले तर आपण चुकीच्या बाजूला उरू, या भीतीने त्याने दुसरा शिल्लकच ठेवला नाही. पारफिटच्या हिशोबात मूळ माणूस जिवंत राहिल्याने काहीच बिघडत नाही, त्यामुळे मरायला कारणही उरत नाही.

निशाचर

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. सारंगबाबत तुमचं बरोबर आहे.

अनुष्टुभ

प्रश्न याहून बराच जुना आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की एका जन्मातून दुसऱ्यात काही जात नाही, तरी पुनर्जन्म होतो, तो कसा? नागसेन म्हणतो, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिली ज्योत दुसऱ्यात गेली का? राजा म्हणतो, नाही.

खुर्चीतला सायमन मला याच जागी आठवतो. पहिला दिवा विझलेला नाही. तो जळतोय. दुसरा लागला म्हणून पहिल्याच्या जळण्याला काही कमीपणा येत नाही. 'खरा कोण' याचं उत्तर कोणतंही द्या, बॅटरी उतरवताना एक जळता दिवा विझतो एवढं नक्की.

स्वल्पविराम

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली अठरा वर्षं रोज माणसांची जाणीव घालवते आणि परत आणते. गेम मुलाने लावून दिला, तोही राक्षस बंद करून.

शस्त्रक्रिया चार तास चाललेली असते. पेशंटला उठवते, घशातली नळी काढते, आणि तो कोरड्या आवाजात विचारतो, "मॅडम, सुरू कधी करणार?" घड्याळ दाखवलं तरी विश्वास बसत नाही. झोपेतून उठलेल्याला वेळ गेल्याचा अंदाज असतो, याला तेवढाही नसतो. त्याच्या लेखी मास्क लागला आणि मास्क निघाला, मधे काही नाही. सायमनचंही तेच: टोरांटोत डोळे मिटले, समुद्राखाली उघडले.

यावरून मला एक दिसतं. 'मी इथे पोचलो' ही भावना पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. उठणारा प्रत्येक जण हेच म्हणणार, प्रत असो की मूळ. नव्या पोशाखातला सायमन स्वतःला जिंकलेला समजतो, कारण त्याच्या आठवणीत हरण्याचा क्षणच नाही. म्हणून मंदार म्हणतात की दोघांचा दावा सारखा, ते मला पटतं. निशाचर यांचं 'गैरसमज राहू दिला' हेही पटतं. माझ्या टेबलावरून उठणारा एकच असतो, मागे कोणी राहत नाही. तिथे राहतो, आणि हे बसण्याआधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे न सांगता असं काही केलं तर संमतीपत्रावरच्या सहीला अर्थ उरत नाही.

सई

संमती म्हटलंत म्हणून सांगते. मला खुर्चीपेक्षा ब्रँडन वानचा प्रसंग जास्त लागला. त्याच्याकडून सुरक्षेचा कोड हवा असतो. तो मेलेला, स्कॅन उरलेला. तो स्कॅन चालू करायचा, त्याच्याशी बोलायचं, त्याला संशय आला किंवा तो घाबरला की बंद करायचा. मग देखावा बदलून पुन्हा चालू. त्याला आधीचं काही आठवत नाही, म्हणून दर वेळी तो नव्याने घाबरतो. मी तीन-चार वेळा केलं. प्रत्येक वेळी एक बटण, एवढंच. त्या खोलीत एकही राक्षस नाही. मला वाटतं गेममधला सर्वांत वाईट माणूस त्या खोलीत मीच होते.

मंदार

इथे माझ्याकडे उत्तर नाही. प्रत म्हणजे तोच माणूस असेल, तर ब्रँडनला आपण पुन्हा पुन्हा छळलं. तो नसेल, तर दर वेळी एका नव्या माणसाला जन्म देऊन संपवलं. माझ्या बाजूने हिशोब केला तरी तो सुटत नाही.

निशाचर

धागा काढला तेव्हा हे लिहिलं नव्हतं. मी दोन्ही वेळा बॅटरी उतरवली. पहिल्या वेळी दया म्हणून: तो उठेल तेव्हा समुद्राच्या तळाशी एकटा असेल, कॅथरीनही नसेल. दुसऱ्या वेळी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभा राहिलो. तो मान टाकून बसलेला. मग उतरवली. ती दयाच होती का, की त्या आवाजाचा दुसरा मालक मला नको होता, हे आता सांगता येत नाही. तुम्ही काय केलंत, स्वल्पविराम?

स्वल्पविराम

नाही उतरवली.

टाउ या ठाण्यावर सारा लिंडवॉल आहे ना, यंत्रांच्या आधारावर श्वास घेणारी शेवटची जिवंत बाई. तिने यंत्र बंद करायला सांगितलं. ती शुद्धीवर होती, काय मागतेय ते तिला कळत होतं. मी बंद केलं आणि तिचा श्वास थांबेपर्यंत जवळ उभी राहिले. गेममध्ये तसं उभं राहायची गरज नसते, पुढे जाता येतं.

सायमन झोपला होता आणि त्याने काही मागितलं नव्हतं.