पोर्ट ऑफ स्पेनचा कार्निव्हल: तुम्ही काय पाहिलंत?

नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं त्रिनिदादला होते. फोटोंत दिसतात ते पिसांचे मुकुट मंगळवारचे. माझ्या मनात राहिली ती सोमवारची पहाट, जूव्हे. चार वाजता, अंधारात, लोक अंगाला चिखल नि रंग फासून रस्त्यावर उतरतात. शेजारच्या आजींनी माझे दोन्ही गाल चिखलाने माखले. त्यांना मी आवाजावरूनच ओळखलं. तिथे राहिला असाल, जहाजावरून उतरला असाल, तर नक्की लिहा.

•

मी बोटीवर होतो. बंदरातून चालत शार्लट स्ट्रीटवरच्या रेनेगेड्स या स्टीलबँडच्या पॅनयार्डात, म्हणजे पॅन (तेलाच्या पिंपापासून केलेलं वाद्य) वाजवायच्या तालमीच्या अंगणात गेलो. पॅनोरमा या स्टीलबँडच्या स्पर्धेची तालीम चालू होती. शंभरेक वादक, आठ मिनिटांची एकच रचना, आणि त्यातला एक तुकडा रात्रभर पुन्हा पुन्हा. समोर स्वरलिपीचा कागद कुणाच्याच नाही. बेस वाजवणाऱ्या मुलीभोवती अख्खे ड्रम उभे होते, ती मध्ये गरगर फिरत वाजवत होती. दोन तास उभा होतो, पाय दुखल्याचं बोटीवर परतल्यावर कळलं.

•

पॅन ऐकताना तो कुठून आला हे माहीत असावं, म्हणून लिहितो. गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या मशालींच्या मिरवणुकीवर, कॅनबुलेवर, 1881 मध्ये पोलीस चालून गेले. लोकांनी काठ्यांनी सामना केला. पुढे ढोलांवर बंदी आली. मग लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, त्यानंतर डबे, शेवटी तेलाचे पिंप. पिंपाचा तळ ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे तो संघर्ष रस्त्यावर नाट्यरूपात उभा करतात. मी तर म्हणेन, एकच गोष्ट बघता येणार असेल तर ती बघा.

•

खाण्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! डबल्स: हळद घातलेले दोन मऊ, तळलेले 'बारा' (पुरीसारखे), मध्ये रश्शाचे चणे. 1845 पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी रुळवलेला पदार्थ. तिखट कमी हवं तर 'स्लाइट पेपर' म्हणायचं. गाडीवाल्या काकांनी माझं आडनाव विचारलं, मग आपल्या पणजोबांचं गाव विचारत बसले, बिहारमधलं. मला ते सांगता आलं नाही, याची अजून चुटपुट आहे.

•

कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) सकाळी सव्हानाच्या मैदानात फिरायला गेले होते. गवतात पिसं, मणी. कपाळावर राखेचा क्रूस लावून एक बाई ते मणी वेचत होती, पुढच्या वर्षीच्या पोशाखासाठी.