टायडल टर्बाइनचा सीपी (पाण्यातल्या पॉवरपैकी टर्बाइनने घेतलेला भाग) 0.64 आला, चूक कुठं झाली?

उद्यमनगर_मेकॅनिकल:
लास्ट इयरचा प्रोजेक्ट आहे, भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणारं 60 सेंमी व्यासाचं तीन पात्यांचं टर्बाइन. समुद्र घाटाखाली म्हणून परवानगी काढून गावाकडच्या पाटात टेस्ट केली, आवर्तन सुरू होतं. पाट 1.2 मीटर रुंद, पाणी 90 सेंमी. मीटरवर पाण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर आला, रोप ब्रेकवर (शाफ्टला दोर गुंडाळून पॉवर मोजतात तो) 156 वॉट. आता 1.2 ला पाण्यात 244 वॉट बसतात म्हणजे सीपी 0.64, आणि बेट्झ लिमिट (थिअरीतली सीपीची कमाल मर्यादा) तर 0.593! सर म्हणाले रीडिंग खोटी आहेत. मी खोटं लिहिलेलं नाही हो, चूक कुठं आहे ते सांगा.

शिरोली_लेथवाला:
स्प्रिंग बॅलन्सचा झिरो बघितलास का भावा? दोर भिजला की वजन बदलतंय. ते आधी बघ मग बाकीचं.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
मीटर कुठं धरला होता?

उद्यमनगर_मेकॅनिकल:
झिरो बघितलाय दादा, बरोबर आहे. मीटर पात्यांच्या पुढं वीतभर, टर्बाइन फिरत असतानाच.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
मग तिथंच घोळ आहे. टर्बाइन फिरायला लागलं की पुढचं पाणी आधीच मंदावतं, तू तो मंदावलेला वेग घेतलास. आणि पॉवर वेगाच्या घनात जाते, म्हणून वेगात 10 टक्के फरक पडला की पॉवरमध्ये 33 टक्के पडतो. समुद्रात यासाठी आयईसी 62600-200 हे स्पेसिफिकेशन वापरतात, त्यात मीटर (तिथं एडीसीपी, आवाजाच्या लहरींनी वेग मोजणारा) रोटरच्या व्यासाच्या दोन ते पाच पट वरच्या अंगाला ठेवतात. तेही एकाच खोलीवर नाही, पात्यांच्या उंचीचे थर पाडून प्रत्येकाचा घन काढून मग सरासरी, कारण तळाला पाणी हळू असतं.
दुसरं म्हणजे तुझ्या रोटरने पाटाचा 26 टक्के भाग अडवलाय. बेट्झचं लिमिट मोकळ्या पाण्यासाठी आहे, अरुंद पाटात पाण्याला बाजूनं निसटायला जागाच नाही, तिथं 0.593 च्या वर आकडा खरोखर जाऊ शकतो. त्यामुळं रीडिंग खोटी आहेत असं लगेच म्हणू नये, फक्त हा आकडा खाडीत मिळेल असंही धरू नको.

उद्यमनगर_मेकॅनिकल:
आज परत जाऊन आलो! तीन मीटर वर मोजलं, 1.32 आला. पॉवर तेवढीच, सीपी 0.48. पण अडवणुकीचं काय करू, मोठा पाट मिळत नाही.

शिरोली_लेथवाला:
पाणी हलवण्यापेक्षा टर्बाइन हलव की. केटी बंधाऱ्याला बरगे टाकले की वरच्या अंगाला पाणी लई लांबपर्यंत थोपतंय, जवळजवळ उभंच असतंय. परवानगी घे, नावेच्या नाकापुढं फ्रेम लाव, ओढून बघ. दोन्ही दिशेनं जा आणि सरासरी काढ म्हणजे थोडा प्रवाह असला तरी कटतोय. ब्रॅकेट मी करून देतो, मटेरियल तू आण.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
एकदम बरोबर. लोड बदलत बदलत आठ-दहा पॉइंट घे, एका रीडिंगवर ग्राफ होत नाही. मात्र उभ्या पाण्यात समुद्रासारखे भोवरे नसतात हे रिपोर्टमध्ये लिही. स्कॉटलंडमध्ये ऑर्कनीला ईमेक म्हणून सेंटर आहे, 2003 पासूनचं, ते खऱ्या प्रवाहात टेस्ट करतात ते त्यासाठीच. तिथं अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची भरती, दोन्ही धरावी लागतात, म्हणजे निदान पंधरवडा तरी.

उद्यमनगर_मेकॅनिकल:
दादा, रविवारी वर्कशॉपला येऊ का? शाफ्ट 20 एमएमचा आहे, बेअरिंग घेऊनच येतो.

शिरोली_लेथवाला:
ये की. दहाच्या आत ये, नंतर लेथवर दुसरं काम लागतंय.